मोजणाऱ्या काट्याला दंड नको, अंधारात बसणाऱ्या किटला मोकळीक नको

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. संचालक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), पुणे

विषय : डिझेल गाड्यांत बाहेरून बसवलेले मीटर आणि पर्यायी इंधनाची किट यांना वेगवेगळे नियम लावण्याबाबत

महोदय,

बोलेरोच्या डॅशबोर्डवर बाहेरून बसवलेला ऑइल प्रेशरचा काटा आणि त्याच बोलेरोच्या हवेच्या पाइपात सोडलेली गॅसची नळी या दोन गोष्टींना आज एकच नाव आहे : मॉडिफिकेशन. नाक्यावरची तपासणी असो, विम्याचा सर्व्हेयर असो की कंपनीचं वर्कशॉप, 'हे कंपनीचं नाही' एवढ्या एका वाक्यात दोन्ही निकालात निघतात. मी डिझेलचं काम करणारा मेकॅनिक आहे. गॅरेज कराडच्या बाजूला आहे, म्हणजे चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून, तापून, धापा टाकत येणाऱ्या गाड्या हे माझं रोजचं गिऱ्हाईक. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते हात काळे करणाऱ्याला लगेच कळतं. ते कागदावरही यावं, यासाठी हे पत्र.

आधी कायद्याचं बोलतो, कारण आपण तिथूनच सुरुवात कराल. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीने ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात १८२-अ हे कलम आलं आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पुढचं फारसं कुणी वाचत नाही. त्याच कलम ५२ च्या शेवटी 'बदल' म्हणजे काय हेही सांगितलं आहे : गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. आता मला सांगा, ऑइलचा दाब किती आहे हे दाखवणाऱ्या ५२ मिलिमीटरच्या डबीने बोलेरोचं कोणतं मूळ वैशिष्ट्य बदललं? तिच्या इंजिनाचं घनफळ तेच, इंधन तेच, आसनं तितकीच, वजनात पाण्याच्या बाटलीएवढाही फरक नाही.

याच कलमात दुसऱ्या इंधनासाठी किट बसवण्याचा रस्ताही आहे. बॅटरी, सीएनजी, सौर ऊर्जा, एलपीजी 'किंवा इतर कोणतंही इंधन' असे शब्द आहेत, अट एवढीच की ठरवून दिलेल्या शर्ती पाळायच्या आणि १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक वाक्य जोडलं. केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या पद्धतीने बदल केला असेल तर त्या कारणावरून कंपनीची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना मोबाइलवर दाखवतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

म्हणजे कायद्याने दार बंद केलेलं नाही. मीटरांच्या बाबतीत त्या दारावर पाटीच लावलेली नाही, आणि डिझेलच्या किटांच्या बाबतीत दार आहे पण वाट इतकी लांबची की माझ्यासारख्याचं गिऱ्हाईक मागच्या कुंपणावरून उडी मारतं.

मीटरांचं आधी. जुन्या गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा काटा तरी असायचा. आता कित्येक गाड्यांत तोही गेला. थंड असताना निळा दिवा, तापल्यावर लाल दिवा, मधल्या काळात काहीच नाही. ज्या गाड्यांत काटा आहे तिथेही तो बहुतेक वेळा खरं सांगत नाही. साधारण ८० अंशांपासून १०५ च्या आसपास तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, मालक उगाच घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करू नये म्हणून. तो मध्य सोडून वर सरकतो तेव्हा हेड गॅस्केट वाचवायची वेळ बऱ्याचदा टळलेली असते. ऑइल प्रेशरच्या दिव्याची कथा याहून वाईट. तो पेटवणारा स्विच दाब ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेल्यावरच लागतो. गरम इंजिन हायवेच्या वेगात असताना दाब तीन-चार बार हवा. चारवरून एकवर आला तरी दिवा गप्प असतो आणि बेअरिंग मात्र घासायला लागलेली असतात. दिवा लागला की क्रँकची वाट लागली समजायची, हे आमच्या धंद्यात शिकाऊ पोरालाही सांगावं लागत नाही.

टर्बोच्या दाबाचा काटा भारतातल्या बहुतेक डिझेल गाड्यांना कंपनीने कधी दिलाच नाही. मालकाला 'पिकअप कमी झालाय' एवढं कळतं. इंटरकूलरची नळी चिरली आहे, वेस्टगेट (टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप) अडकलाय की नुसता एअर फिल्टर चोंदलाय, हे काटा पाच मिनिटांत सांगतो. काटा नसला की अंदाजाने टर्बो उतरवला जातो, 'टर्बो गेला' म्हणून बिल लागतं, आणि नळी चिरलेलीच राहते.

पण डिझेलवाल्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं मीटर आहे ते धुराच्या तापमानाचं, म्हणजे ईजीटीचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळीत, टर्बोच्या आधी, निकेलच्या दोन मिश्रधातूंच्या तारांची जोडी, म्हणजे थर्मोकपल, बसवतात. दोन तारांच्या जोडावर उष्णता लागली की एका अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतकी इवलीशी वीज तयार होते आणि तीवर काटा हलतो. गाडी उभी असताना दीडशे-दोनशे अंश, सपाट रस्त्यावर तीनशे-चारशे, भरलेली गाडी घाटात तिसऱ्या गिअरला सहाशेच्या पुढे. सातशेच्या वर बराच वेळ राहिली तर डिझेलवाल्याने पाय उचलायचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. खालून ऑइलचा फवारा मिळतो आणि दर फेरीला ताजी हवा आत येते म्हणून तो टिकतो, एवढंच. पेट्रोलवर हात बसलेल्या मिस्त्रीला इथे हमखास उलटं वाटतं. पेट्रोल इंजिन इंधन कमी पडलं की तापतं म्हणून त्याला भीती इंधन कमी पडण्याची. डिझेलमध्ये हवा मोकळी असते आणि ताकद इंधनाच्या मापाने ठरते, त्यामुळे इंधन जितकं जास्त तितकी आग जास्त. पंपाचा स्क्रू दोन आटे फिरवून किंवा ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, जोडायची 'चिप' लावून पिकअप वाढवलेल्या गाडीत पिस्टनला भोक का पडतं, याचं उत्तर या एका काट्यावर लिहिलेलं असतं. तो लावलेला असेल तर.

आता मीटरांची बाजू घेतो म्हणून त्यांची पापं झाकणार नाही. आपल्या तपासनिसांनी हटकावं अशा गोष्टी या कामातही आहेत आणि त्या मी रोज पाहतो. मेकॅनिकल ऑइल काट्याची बारीक नळी थेट केबिनमध्ये आणतात; ती फुटली की शंभर अंशांचं ऑइल चालकाच्या गुडघ्यावर. बॅटरीवरून फ्यूज न लावता वायर ओढतात, दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळतात आणि तो सांधा नेमका हाय-प्रेशर पाइपाच्या वर लोंबतो. ईजीटीचं भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवत नाहीत, बिडाचा चुरा टर्बोत जातो. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणाऱ्या चाकात चुरा गेला की काय होतं ते सांगायला नको. समोरच्या काचेशेजारच्या खांबावर, जिथून पडदा एअरबॅग उघडते, तिथेच प्लास्टिकचं घर स्क्रूने ठोकून तीन मीटर बसवतात. अपघातात ते घर गोळीसारखं तोंडावर येईल हे बसवणाऱ्याच्या गावीही नसतं. या प्रत्येकाला दंड करा, माझी काही हरकत नाही. पण तो दंड चुकीच्या बसवणीचा असू द्या, मीटर असल्याचा नको.

चालकाचं लक्ष विचलित होतं हा आक्षेपही कानावर येतो. ज्या गाड्यांत दहा इंची पडद्यावर गाण्याचं पोस्टर झळकतं आणि एसी वाढवायलाही त्या पडद्यावर तीनदा बोट लावावं लागतं, त्या गाड्या मान्यता घेऊन रस्त्यावर येतात. तीन काट्यांबद्दल ही चिंता मला जरा उशिराची वाटते.

नव्या गाड्यांना ओबीडीचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली माहिती वाचायचं सॉकेट असतं, ब्लूटूथचं डोंगल लावून मोबाइलवर सगळं दिसतं, मग वेगळं मीटर कशाला, असंही कुणी म्हणेल. बीएस-६, म्हणजे २०२० पासूनच्या गाड्यांपुरतं ते बरंच खरं आहे, तिथे मी स्वतः डोंगलच सुचवतो. पण आमच्या पाटण-कराड पट्ट्यात दूध, भाजी आणि उसाच्या मजुरांची पोरंबाळं वाहणाऱ्या गाड्या बहुतेक त्याआधीच्या. त्यांतल्या जुन्यांना सॉकेट नाही, आणि ज्यांना आहे त्यांतल्या काहींचं फक्त कोड दाखवतं, ऑइलचा खरा दाब नाही. कारण दाबाचा सेन्सरच नाही, स्विच आहे.

आता इंधन. इथे माझा सूर बदलेल, कारण इथे इंजिनात खरोखर बदल होतो.

डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोल-डिझेलमधली जी फट पाहून लोकांनी डिझेल गाड्या घेतल्या होत्या ती आकसत गेली. गाडी मात्र दारात आहे. पंधरा वर्षं पुरी झाली की फेरनोंदणी आणि हरित कर. अशा मालकाला कुणी सांगितलं की डिझेलमध्ये थोडा गॅस सोड, खर्च कमी होईल, तर तो ऐकतो. त्याचं ऐकणं मला मूर्खपणाचं वाटत नाही.

तांत्रिकदृष्ट्या ही कल्पना टाकाऊ नाहीच. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे निव्वळ सीएनजीवर ते पेटत नाही. पण हवेबरोबर थोडा गॅस आत घेतला आणि नेहमीपेक्षा कमी डिझेल फवारलं तर डिझेल काडीचं काम करतं आणि गॅस त्यावर जळतो. हेच ड्युअल फ्युएल. अडचण प्रमाणाची आहे. गाडी रिकामी, पाय हलका असताना गॅसचं मिश्रण इतकं पातळ असतं की त्यातला बराचसा न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतो. सीएनजी म्हणजे मिथेन, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त तापवतो. म्हणजे खिशालाही फायदा नाही, हवेलाही नाही. उलट घाटात, पूर्ण भाराला गॅस जास्त झाला की तो डिझेलची वाट न पाहता एकदम भडकतो. इंजिन खणखणतं, तापमान चढतं, रिंगा तुटतात. मधल्या पट्ट्यात, सावध प्रमाणात, ते नीट चालतं. मधला पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कानाने कळत नाही. कळतं ते ईजीटीच्या काट्यावर. आणि नेमका तोच काटा किट बसवणारा बसवत नाही, कारण गिऱ्हाइकाने तो पाहिला तर किटचा मिश्रक, म्हणजे हवेत गॅस मिसळणारा भाग, जास्त उघडता येणार नाही.

याहून भयंकर प्रकार म्हणजे घरगुती लाल सिलिंडर गाडीत आडवा टाकणं. १४.२ किलोचं ते सिलिंडर स्वयंपाकघरासाठी आहे. गाडीच्या टाकीला अपघातात गॅस बंद करणारे जे व्हॉल्व्ह लागतात ते त्याला नाहीत. सीएनजीच्या टाकीत २०० बार दाब असतो आणि तिची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते. हे नियम पाहणारी पेसो ही संस्था, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, आपल्याच नागपुरात बसते. वाहनांना आणि किटांना मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यात वेताळ टेकडीवर, सीआयआरटी भोसरीत, व्हीआरडीई अहिल्यानगरला. देशात असा दुसरा प्रांत मला दाखवा. आणि तरीही डिझेलवर चालणारं, मान्यता असलेलं, आरसीवर चढवता येईल असं किट कुठे मिळतं, हे विचारणाऱ्याला माझ्या तालुक्यात मला उत्तर देता येत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने साडेतीन टनांच्या आतल्या बीएस-६ गाड्यांसाठी नियम काढला : पेट्रोल गाडीत सीएनजी-एलपीजीचं किट बसवता येईल, आणि डिझेल गाडीत डिझेल इंजिन काढून त्या जागी सीएनजी-एलपीजीचं इंजिन बसवता येईल. पेट्रोलवाल्याला किट, डिझेलवाल्याला आख्खं इंजिन! फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीत सीएनजीवर बदललेला डिझेल ट्रॅक्टर मोठ्या समारंभात पुढे आणला गेला, तेव्हा आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी फोटो काढून ठेवले. साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून, गॅस करायची योजना 'सतत' नावाने ऑक्टोबर २०१८ पासून आहे. कृष्णा-कोयनेच्या काठावर प्रेसमडला काय तोटा? गॅस इथेच होणार, गाड्या इथेच आहेत, पुण्यातल्या चाचणीच्या संस्था दीड-दोनशे किलोमीटरच्या आत. जोडणारा दुवा तेवढा गायब.

तेलाचं प्रकरण वेगळं आणि मला खरं तर जास्त आवडीचं. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाच्या चाचण्या ऑगस्ट १८९३ मध्ये सुरू झाल्या, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. म्हणजे ज्याला आज 'पर्यायी' म्हणतात ते या इंजिनाच्या बाळपणापासून आहे. म्हणून जुन्या, प्री-चेंबरच्या (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटणाऱ्या) इंजिनांत, उदाहरणार्थ १९९८ ला आलेल्या पहिल्या इंडिकाच्या १.४ लिटर इंजिनात, तेल गाळून ओतून गाडी चालवणारे हौशी लोक निघतात. गाडी चालतेही. काही महिने.

पुढे काय होतं ते नोझल, म्हणजे डिझेल फवारणारं तोंड, तपासणाऱ्या लॅबवाल्याला विचारा. ४० अंशांना डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटीस्टोकच्या दरम्यान असावा असं प्रमाण आहे. साधं खाद्यतेल त्याच तापमानाला तीस-पस्तीसच्या घरात. फवारा नीट फुटत नाही, थेंब मोठे राहतात, नोझलच्या टोकावर कोळसा धरतो, न जळलेलं तेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलचा डिंक होतो. म्हणून तेलावर चालवायचंच तर दोन टाक्या लागतात. डिझेलवर चालू करायचं, इंजिनच्या गरम पाण्याने तेल सत्तर अंशांच्या वर न्यायचं, मग कॉक फिरवायचा आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर येऊन नळ्या धुऊन घ्यायच्या. तेल किती तापलंय हे सांगणारं मीटर नसेल तर ही सगळी व्यवस्था नुसती शोभेची. आणि हे सारं जुन्या पंपांपुरतं. रांजणगावला बनलेलं १.३ लिटरचं ते लोकप्रिय कॉमन रेल इंजिन, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून इंधन देणारं, दीड हजार बारच्या आसपासच्या दाबावर चालतं, त्याच्या इंजेक्टरमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. तिथे असलं तेल घालणाऱ्याने आधी नव्या इंजेक्टरचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

खरा मार्ग बायोडिझेलचा. तेल, मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक. ग्लिसरीन खाली बसतं, वर मिथाइल एस्टर राहतं, त्याचा दाटपणा डिझेलच्या जवळ. आयएस १५६०७ हे त्याचं भारतीय प्रमाण आहे, आणि साध्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत ते मिसळायला डिझेलचं प्रमाणच परवानगी देतं. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचं लक्ष्य आहे. त्याच वर्षी १ जुलैपासून तळणाच्या तेलात २५ टक्क्यांपेक्षा जास्त पोलर संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडल्याची खूण) झाली की ते पुन्हा वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम लागू झाला. नवं खाद्यतेल डिझेलपेक्षा महाग, त्याचा हिशेब कधीच बसणार नाही. पण वड्याच्या कढईतलं टाकाऊ तेल पुन्हा वड्यात जाण्यापेक्षा इंजिनात गेलेलं कुणालाही चालेल.

मात्र बायोडिझेल या नावाने बॅरलमधून विकलं जाणारं प्रत्येक द्रव बायोडिझेल नसतं. अस्सल असलं तरी ते जुन्या टाकीतला गाळ सोडवतं आणि पहिल्या काही टाक्यांत फिल्टर चोंदतात. जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्या बदलाव्या लागतात. ज्या गाड्यांना धुराची जाळी, म्हणजे डीपीएफ आहे, त्या जाळीतली काजळी जाळून साफ करताना सिलिंडरमध्ये उशिरा थोडं इंधन सोडतात. डिझेल त्यात उडून जातं, बायोडिझेल जड म्हणून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी 'वाढलेली' दिसली की मालक खूश होतो. मेकॅनिकने घाबरायचं असतं.

पाण्यावर मायलेज वाढवणाऱ्या किटांबद्दल एकच परिच्छेद खर्च करतो. बरणीत पाणी, त्यात दोन पत्रे, बॅटरीची वीज, तयार होणारा हायड्रोजन हवेच्या पाइपात. २० अँपिअर आणि १२ व्होल्ट म्हणजे २४० वॉट. हायवेवर गाडीला पंधरा-वीस हजार वॉट लागतात. आणि ते २४० वॉट अल्टरनेटरने त्याच इंजिनाकडून, तेच डिझेल जाळून, वाटेत निम्मे गमावून आणलेले असतात. यावर आपल्या खात्याने किंवा एआरएआयने मराठीत एक पानी जाहीर खुलासा काढला तर तालुक्या-तालुक्यातले बरेच पैसे वाचतील. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्र्यांनी डिझेलमध्ये आयसोब्युटेनॉल हे अल्कोहोल मिसळण्याच्या अभ्यासाची गोष्ट जाहीर केली तेव्हापासून तर डिझेलमध्ये ओतायच्या प्रत्येक बाटलीवर 'सरकारमान्य संशोधन' असं छापायला लोक मोकळे झाले आहेत.

तर माझी मागणी. पहिली गोष्ट आपल्या हातातली आहे, दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना एक परिपत्रक काढा की इंजिनाचं, इंधनाचं किंवा ईसीयूचं काम न बदलता फक्त मोजणारं मीटर हा कलम ५२ खालचा 'बदल' नाही. त्याच परिपत्रकात अटी घाला : विजेचा सेन्सरच वापरायचा, ऑइलची नळी केबिनमध्ये नको; बॅटरीजवळ फ्यूज हवाच; एअरबॅगच्या वाटेवर आणि चालकाच्या नजरेच्या काचेवर काही नको; रात्री उजेड मंद करता आला पाहिजे; बसवणाऱ्याची जीएसटीची पावती गाडीत हवी. थर्मामीटर आणि इंजेक्शन यांना एकच परवाना कुणी मागत नाही, इथेही मागू नये.

दुसरी गोष्ट केंद्राकडे शिफारशीची, आणि तिथे एआरएआयचा शब्द चालतो. जुन्या डिझेल इंजिनांसाठी ड्युअल फ्युएलच्या किटांना मॉडेलवार नव्हे, इंजिनांच्या कुटुंबावार मान्यता द्यावी, म्हणजे लहान उत्पादकाला चाचणीचा खर्च झेपेल. पण त्या किटबरोबर ईजीटीचं मीटर सक्तीचं करा, आणि नुसतं मीटर नाही : ठरलेल्या तापमानाच्या वर गेलं की गॅस आपोआप बंद झाला पाहिजे, आणि मागच्या काही महिन्यांत तो किती वेळा बंद झाला याची नोंद पासिंगच्या वेळी वाचता आली पाहिजे. मग कुणी मिश्रक गुपचूप जास्त उघडला तर त्याचं मीटरच साक्ष देईल.

तिसरी पीयूसीची. डिझेलच्या धुराची चाचणी करताना इंजिन ऑइल किमान ६० अंश तापलेलं असावं, असं चाचणीची पद्धत सांगते. किती ठिकाणी डिपस्टिकच्या नळीत सेन्सर घालून ते पाहिलं जातं, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला ६५ आणि बीएस-४ ला ५० हार्ट्रिजची (धुराच्या काळेपणाचं माप) मर्यादा आहे. थंड इंजिनावर घेतलेला आकडा या दोन्हींपुढे निरर्थक आहे. ज्या गाडीत ऑइल तापमानाचं चांगलं मीटर आहे तिथे निदान ते पाहून तरी चाचणी सुरू करा. किट असलेल्या गाडीची चाचणी दोन्ही इंधनांवर वेगवेगळी व्हावी.

आणि शिक्षण. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, माझ्याकडची पोरं तिथूनच येतात. नोझलची चाचणी शिकून येतात, पण थर्मोकपल कुठे आणि किती खोल बसवायचं, बूस्टची, म्हणजे टर्बोचा दाब मोजायची, टी कुठे मारायची, वायरीच्या टोकाला क्रिम्प कसा करायचा, हे त्यांना गॅरेजात आल्यावर कळतं, कळलं तर. दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि एक प्रमाणपत्र पुरेल. प्रमाणपत्र असलेल्यानेच मीटर बसवायचं अशी अट घातलीत तर आमच्यापैकी काही जण कुरकुर करतील. करू द्या.

विमा कंपन्यांचं वेगळं सांगत नाही. परिपत्रक निघालं की त्यांना दावा नाकारायला हे एक कारण कमी होईल.

शेवटी एक प्रस्ताव. एआरएआयने या भागातल्या तीन-चार वयस्क डिझेल गाड्या निवडाव्यात, त्यांना ईजीटी, बूस्ट आणि ऑइल प्रेशरची मीटर बसवावीत, आणि पावसाळा संपल्यावर भरलेल्या गाड्यांनी चिपळूण ते कोयनानगर हा घाट साध्या डिझेलवर, बायोडिझेलच्या मिश्रणावर आणि मान्यता देण्याजोग्या एखाद्या गॅस किटवर चढवून आकडे जाहीर करावेत. गाड्या मिळवून द्यायचं आणि मॅनिफोल्ड उतरवून नीट भोक पाडायचं काम माझ्याकडे. मॅनिफोल्ड उतरवायला अर्धा दिवस लागतो, तेवढं वेळापत्रकात धरा.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक
कराड, जि. सातारा